जमिनीची नोटीस खरी की नुसता फॉरवर्ड? गॅझेटमध्ये बघा

डहाणू-तलासरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंदर, बुलेट ट्रेन, एक्सप्रेसवे यांच्या जमिनींबद्दल सारखं काहीतरी येत असतं. बऱ्याचदा नोटिशीचा धूसर फोटो, त्यातही तारीख कापलेली. आणि खरी गोम तारखेतच आहे! महामार्गासाठी जमीन घ्यायची अधिसूचना निघाली की हरकतीला फक्त 21 दिवस मिळतात. फॉरवर्ड 23 व्या दिवशी आला तर काय उपयोग?

म्हणून थेट केंद्राच्या ई-गॅझेट साइटवर जा. रस्ते वाहतूक मंत्रालय निवडा, तारखा टाका, पीडीएफ डाउनलोड करा. ती हिंदी-इंग्रजीत असते. हिंदीत ‘धारा 3क’ दिसलं तर (इंग्रजीत 3ए) हरकतीची वेळ चालू झाली. ‘3घ’ म्हणजे जमीन केंद्राकडे गेल्याची घोषणा, तिथे ही हरकत संपली.

पीडीएफमध्ये गावाचं नाव सर्च करून थांबू नका. स्पेलिंग वेगळं असू शकतं, कधी पानं स्कॅन केलेली असतात. तक्ता डोळ्यांनी वाचा, गट नंबर सातबाऱ्याशी जुळवा.

2013 च्या भूसंपादन कायद्याखालची प्राथमिक अधिसूचना असेल तर मुदत 60 दिवस. त्यामुळे आधी कायदा कोणता ते बघायचं.

डहाणूला गॅझेट नवीन नाही म्हणा. तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला तोही 20 जून 1991 च्या अधिसूचनेनेच.

हरकत मात्र ग्रुपवर नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी द्यायची. पोच घ्या, तिचा फोटो काढून ठेवा.