उत्कलनबिंदूची साक्ष

प्रयोगशाळेच्या फडताळात दोन बाटल्या आहेत. दोन्हींतील द्रव पाण्यासारखे स्वच्छ. वासही बहुतेक सारखाच. एकीत एथिल अल्कोहोल आहे, दुसरीत मेथिल अल्कोहोल. पण वरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत. मेथिल अल्कोहोल हे भयंकर विष होय. थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाते, प्रसंगी प्राणही जातो. मग चव न घेता ओळख पटवावी कशी? शुद्ध मेथिल अल्कोहोल सुमारे 65 अंश सेल्सियसला उकळते, तर एथिल अल्कोहोल सुमारे 78 अंशांना. द्रव ज्या उष्णतामानास उकळतो, त्यास त्याचा उत्कलनबिंदू म्हणतात. तोच येथे साक्ष देतो.

हा बिंदू मोजण्यास द्रवाचे काही थेंब पुरतात. ते एका अरुंद परीक्षानळीत घेतात. एक टोक बंद केलेली, केसासारखी बारीक काचेची नळी उघडे तोंड खाली करून त्या द्रवात उभी करतात. परीक्षानळी उष्णतामापकाला बांधतात आणि तिचे तोंड वर राहील अशा बेताने दोन्ही पाण्याच्या चंचुपात्रात सोडतात. मग ते पाणी सावकाश तापवितात. बारीक नळीतून प्रथम एखाददुसरा बुडबुडा निघतो. पुढे बुडबुड्यांची माळच लागते. तेव्हा आच काढून घेतात. पाणी निवू लागले, की बुडबुडे थांबतात आणि द्रव बारीक नळीत शिरू लागतो. त्या क्षणी नळीतील वाफेचा दाब व बाहेरील हवेचा दाब समसमान झालेले असतात. म्हणून त्या वेळी उष्णतामापकावर दिसणारा अंक हाच उत्कलनबिंदू. हे द्रव चटकन पेट घेतात. म्हणून शिक्षकांवाचून हा प्रयोग कधीही करू नये.

परंतु हवेचा दाब सर्वत्र सारखा नसतो. जसजसे उंच जावे, तसतसा तो कमी होतो आणि द्रव लवकर उकळतो. मुंबईस समुद्रकाठी पाणी 100 अंशांना उकळते. गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे विमानतळ आहे. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंच आहे. तेथे पाणी 99 अंशांच्या आसपासच उकळते, तर महाबळेश्वरी 95 ते 96 अंशांना. कर्नल साइक्स ह्यांनी ह्याच गोष्टीचा उलट उपयोग केला. पाणी किती अंशांना उकळते हे पाहून त्यांनी दख्खनच्या डोंगरांची उंची काढली, आणि त्या रीतीवरील त्यांचा निबंध 1838 मध्ये प्रसिद्ध झाला.

बिरसीस मोजलेला उत्कलनबिंदू पुस्तकातील अंकाहून किंचित कमी आला, तर तेवढ्यावरून द्रव अशुद्ध ठरत नाही. म्हणून चांगला प्रयोगकर्ता उष्णतामानाशेजारी त्या वेळचा हवेचा दाबही लिहून ठेवतो. साक्ष खरी मानावयाची, तर ती कोठे व कोणत्या स्थितीत दिली, हेही ठाऊक हवे.