वाटाण्याचा महिना, पडद्यावरचे मिनिट

1912 साली दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढायचा होता आणि त्यासाठी भांडवल हवे होते. लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा विकत घेतला होता. पण या नव्या धंद्यात पैसा घालायला कोणी धजत नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा उभा केला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाचे चित्रण केले. पडद्यावर मिनिटभरात बी रुजले, कोंब वर आला, वेल चढू लागली. ‘अंकुराची वाढ’ नावाचा हा लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखी मंडळी कर्ज द्यायला पुढे आली आणि पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. भांडवल मिळवून देणारा म्हणून हा लघुपट लक्षात राहिला. पण तो एक अस्सल वैज्ञानिक प्रयोगही होता, आणि त्या अंगाने त्याकडे पाहायला हवे.

आधी हिशोब मांडू. मूकपटांच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण 16 फ्रेम सरकत. म्हणजे एका मिनिटाला 960 फ्रेम, 35 मिमी फिल्मच्या मापात 60 फूट. तीस दिवसांत 43,200 मिनिटे असतात. त्यांतून 960 चित्रे घ्यायची, तर दर 45 मिनिटांनी एक फ्रेम हवी, तीही दिवसरात्र. रोज एकच फ्रेम घेतली, तर महिन्याभराची वाढ दोन सेकंदांत संपेल आणि डोळ्यांना काहीच उमगणार नाही.

त्या काळचे कॅमेरे हाताने चालत. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम आणि सेकंदाला दोन फेरे, ही नेहमीची चाल. एकेक फ्रेम घेण्यासाठी कित्येक कॅमेऱ्यांत एका फेऱ्याला एकच चित्र देणारी वेगळी खाच असे. हँडल तिच्यात बसवायचे. आतला आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात अडकतो, तिला एक घर खाली ओढतो आणि शटर क्षणभर उघडते. ही भोके सारख्या अंतरावर नसली, तर पडद्यावर रोप थरथरताना दिसते. फाळके यांच्या घरी ती यंत्रावर पाडावी लागत, कारण कच्ची फिल्म सलग येई. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई हे काम शिकल्या होत्या. शिवाय दोन चित्रांच्या मधल्या वेळात फिल्म बंद शटरमागे थांबलेली असते. एरवी जाणवणारही नाही इतका बारीक प्रकाश आत झिरपत असला, तरी पाऊण तासात तो चित्र धुरकट करतो.

प्रकाशाचा प्रश्न त्याहून बिकट. ढग आला की एक फ्रेम काळवंडते, ऊन पडले की पुढची उजळते, आणि पडद्यावर सगळे लुकलुकते. म्हणून दिव्याचा ठरावीक प्रकाश लागतो. पण वनस्पती प्रकाशाकडे वळते. एका बाजूने सतत दिवा लावला, तर पाहण्याची सोयच रोपाची वाढ बदलून टाकते. दिवा फक्त फ्रेम घेण्यापुरता लावावा, हे उत्तम.

सगळ्यांत मोलाचा प्रश्न मात्र दोन चित्रांमधल्या वेळेच्या अंतराचा. वाटाण्याच्या वेलीची प्रताने, म्हणजे आधार शोधणारे कोवळे तंतू, हवेत गोल फिरतात. चार्ल्स डार्विन यांनी 1865 साली वेलींच्या हालचालींवर लिहिलेल्या प्रबंधात अशा फेऱ्यांचे वेळ लावून निरीक्षण केले आहे. समजा, एक फेरा दीड तासाचा आहे. दर 45 मिनिटांनी चित्र घेतले, तर एका फेऱ्यातले दोनच बिंदू हाती लागतील आणि प्रतान गोल फिरण्याऐवजी इकडून तिकडे उड्या मारताना दिसेल. तेच चित्र दर तीन मिनिटांनी घेतले, तर एका फेऱ्याला 30 फ्रेम मिळतील आणि पडद्यावर दोन सेकंदांचा डौलदार घेर दिसेल. म्हणजे अंतर ठरवणे हे त्या घटनेच्या वेगाबद्दल केलेले अनुमान असते. अनुमान चुकले, तर चित्र खोटे बोलते.

पुढे यंत्रे सोपी झाली. 1930च्या दशकात आलेल्या बोलेक्स एच-16 मध्ये चावीची स्प्रिंग आणि एकेक फ्रेम घेण्याची सोय होती. 16 मिमीच्या 100 फुटी रिळात 4,000 फ्रेम मावत. 1965 मध्ये आलेल्या सुपर-8च्या 50 फुटी कार्ट्रिजमध्ये 3,600, आणि काही कॅमेऱ्यांत ठरावीक वेळाने आपोआप फ्रेम घेणारे घड्याळही बसवलेले. अनुमान मात्र माणसालाच करावे लागे. फिल्म धुऊन येईपर्यंत काहीच दिसत नसल्याने ते आधीच, नीट विचार करून करावे लागे.

आज अनेक मोबाइल हे अंतर स्वतःच ठरवतात आणि प्रयोगातला विचाराचा भाग हिरावून घेतात. शाळांनी तो मुलांना परत द्यावा. वर्गात वाटाणा पेरा, वेल किती वेगाने हलेल याचा अंदाज वहीत लिहायला लावा, त्यावरून अंतर ठरवा आणि मगच कॅमेरा लावा. अंदाज बरोबर ठरला, तर मुलांना वेल दिसेल. चुकला, तर तो का चुकला हे शोधताना त्यांना विज्ञान कळेल.