पुढच्या दाराला कुलूप, परसदार उघडे

मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते गेटसभांत आणि रात्री दिव्याखाली. तरीही आज संगणकाविषयी बोलावयास उभा आहे, कारण चूक माझ्याच हातून झाली आहे.

रांजणगावला कामाला जाणारा निमोण्याचा एक तरुण आमच्या संघटनेच्या संकेतस्थळावर सभासदत्वाचा अर्ज भरीत होता. बँक खात्याचा क्रमांक लिहून त्याने बटण दाबले, तोच ब्राउझरने त्याला अडविले : ही माहिती सुरक्षित मार्गाने जात नाही. त्याने मला फोन केला. मी म्हणालो, "घाबरू नकोस, दाब पुढे." यंत्राचा गार्ड काढून काम करू नका, असे ३० वर्षे सांगत आलेल्या माणसाने हा सल्ला द्यावा!

इशाऱ्याचा अर्थ मला मागाहून कळला. पत्ता 'एचटीटीपी'चा असला, तर मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जातो. वाटेतला माणूस, उदाहरणार्थ एखाद्या हॉटेलातील वायफाय चालविणारा, तो वाचू शकतो, बदलूही शकतो. 'एचटीटीपीएस' असला, तर तोच मजकूर मोहोरबंद लिफाफ्यातून जातो. पान लिफाफ्यातून यावे, परंतु त्यातील चित्र, आज्ञावली किंवा अर्ज पाठविण्याचा पत्ता मात्र उघडा असावा, याला मिश्र पान म्हणतात.

यात सर्वांत घातक ती आज्ञावली. ती वाटेत बदलली, तर सारे पान परक्याच्या ताब्यात जाते. म्हणून फायरफॉक्सने २०१३ पासून अशा आज्ञावली अडविण्यास सुरुवात केली. उघड्या अर्जाबद्दलचा इशारा क्रोमने २०२० मध्ये सुरू केला.

दुरुस्ती अवघड नाही. संगणकावर पान उघडून एफ-१२ ही कळ दाबावी. 'कन्सोल' या भागात कोणता पत्ता उघडा आहे, ते लिहिलेले असते. त्याला 'एस' जोडून तो स्वतंत्रपणे उघडून पाहावा. उघडला, तर पानात तोच लिहावा. न उघडल्यास ती वस्तू आपल्या सुरक्षित जागेत आणावी, नाहीतर काढून टाकावी. प्रमाणपत्राच्या खर्चाची सबब चालणार नाही. 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून ते २०१५ पासून विनामूल्य मिळते.

आमच्या अर्जात चुकले होते ते हेच एक अक्षर. ते घातले आणि इशारा आपोआप थांबला. त्या तरुणाची मी क्षमा मागितली. आपल्यासमोर असा इशारा आला, तर पुढे जाऊ नका. पान ज्याचे असेल त्याला कळवा. तो आमच्यासारखा असेल, तर त्यालाही हे ठाऊक नसेल.