पातू : कळपाचा राखणदार

कुत्रा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अंगणात बसणारा, फाटकापाशी कोणी आले की भुंकणारा मोत्या उभा राहतो. परंतु काही कुत्र्यांचे घर म्हणजे मेंढरांचा कळप आणि कुटुंब म्हणजे मेंढ्या. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील पिरेने पर्वतातला भला थोरला पांढरा कुत्रा हा त्यांपैकी एक. फ्रेंच मेंढपाळ त्याला ‘पातू’ म्हणतात. सेसिल ओब्री यांच्या १९६५ सालच्या ‘बेल ए सेबास्तियें’ या फ्रेंच टेलिव्हिजन मालिकेतली बेल ती हीच. २०१३ साली त्या कथेवर चित्रपटही आला. तो पाहून आमच्या वर्गातली मुले विचारतात, “असा कुत्रा आपल्याकडे पाळता येईल का?” प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागते.

पातूचे पिल्लू साधारण दोन महिन्यांचे झाले की मेंढपाळ त्याला मेंढ्यांच्या गोठ्यात ठेवतो. त्यांच्याच वासात, त्यांच्याच उबेत ते वाढते. हा कुत्रा मेंढ्या हाकत नाही; ते काम दुसऱ्या, लहान व चपळ कुत्र्यांचे. पातू कळपात राहतो, रात्री जागतो आणि काही परके जाणवले की भुंकत मध्ये जाऊन उभा राहतो. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागते. लांडगे टोळीने येतात, म्हणून मोठ्या कळपाला एक कुत्रा पुरत नाही.

विसाव्या शतकात फ्रान्समधून लांडगा नाहीसा झाला आणि पुष्कळ ठिकाणी पातूचे कामही संपले. पुढे १९९२ साली इटलीकडून आलेले दोन लांडगे मेर्कांतूरच्या डोंगरात दिसले. आज त्या देशात त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे असे सरकारी अंदाज सांगतात. लांडग्याला कायद्याचे संरक्षण, आणि मेंढपाळाचे पोट मेंढ्यांवर. या पेचात पातूला पुन्हा बोलावणे आले. कुत्रे ठेवण्यासाठी सरकार मेंढपाळांना पैशाची मदतही देते.

पण त्यातून नवा तंटा उभा राहिला. उन्हाळ्यात डोंगरवाटांनी फिरायला येणाऱ्यांवर हे कुत्रे भुंकत धावून जातात, कधी चावतातही. फिरणारा म्हणतो, वाट सर्वांची आहे. मेंढपाळ म्हणतो, कुत्रा काढला तर मेंढ्या जातील. दोघांचेही म्हणणे खरे आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले फ्रान्समध्ये शिकतात, नोकरी करतात. त्यांच्याकडे गेलात आणि डोंगरात कळप दिसला, तर लांबून वळसा घालावा. सायकलवरून उतरावे. कुत्रा आला तर पळू नये, काठी उगारू नये, त्याच्या डोळ्याला डोळा लावू नये. शांतपणे उभे राहावे व हळूहळू दूर व्हावे.

महाराष्ट्रातील मंडळींना हे नवे वाटणार नाही. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर रात्री कुत्र्यांचाच पहारा असतो. खंडोबाच्या जवळ कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतात. राखणीच्या इमानाला आपल्या लोकांनी असा मान दिला आहे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. पूर्ण वाढलेला नर पन्नास किलोच्या वर जातो. अंगावर केसांचे दोन थर असतात. ते वर्षभर गळतात, आणि उन्हाळ्यात भादरूही नयेत, कारण तेच केस उन्हापासून कातडी राखतात. डिसेंबर-जानेवारीत पोर्ट लुईची हवा माणसालाच सोसत नाही, तर बर्फातल्या या जनावराने काय करावे? तो रात्रभर भुंकतो, आणि आपली घरे तर भिंतीला भिंत लागून. तो प्रेमळ आहे, मुलांशी सोशिक आहे. पण हुकमाचा ताबेदार नाही. माणूस जवळ नसताना स्वतः निर्णय घ्यावा म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या त्याची निवड झाली. हाक मारली की येईलच असे नाही, आणि पक्के कुंपण नसेल तर तो आपली हद्द स्वतःच वाढवतो. पिल्लू म्हणजे पांढरा कापसाचा गोळा. ते पाहून घरी आणावे आणि दीड वर्षाने दोरीने बांधून ठेवावे, हा त्याच्यावर अन्याय होय. बांधलेला राखणदार चिडका होतो, आणि मग दोष कुत्र्याला लागतो.

म्हणून आम्ही मुलांना सांगतो : पातू पाहावा तो त्याच्या डोंगरात, मेंढ्यांमध्ये. घरी कुत्रा हवाच असेल तर आपल्या रस्त्यावर जन्मलेले, या बेटाची हवा मानवलेले एखादे पिल्लू आणा. दहा-बारा वर्षे त्याला अन्न, पाणी आणि सावली देण्याची तयारी मात्र आधी घरात सर्वांनी मिळून ठरवा.