खाडीकाठची कौटुंबिक सहल : मूल्य कसे मोजावे?

पर्यटनाच्या विकासाचे मोजमाप करताना आपल्याकडे प्रामुख्याने हॉटेलांतील खोल्या, पर्यटकांची संख्या आणि त्यांनी केलेला खर्च यांचा विचार होतो. ज्या जागेसाठी प्रवासी घर सोडून येतो, ती जागा मात्र बहुतेक वेळा या हिशेबात शून्य किमतीचीच राहते. कोकणातील खाड्या व त्यांच्या काठची कांदळवने हे याचे ठळक उदाहरण होय. खाडीच्या पाण्याला भाव नाही आणि चिखलाला तर नाहीच. बाजारात ज्याला भाव नाही त्याला मूल्यही नाही, असा समज रूढ झाला की भराव घालणाऱ्याचे काम सोपे होते. म्हणूनच, आईवडील व मुले वल्ह्याच्या होडीतून तासभर खाडीत फिरली आणि नंतर बांधावरून दोन-तीन किलोमीटर चालली, तर या साध्या सहलीचे आर्थिक मूल्य किती, हा प्रश्न गांभीर्याने विचारण्याजोगा आहे.

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये राहणाऱ्याने समुद्रकाठच्या चिखलाविषयी लिहावे, याचे वाचकांना कदाचित नवल वाटेल. मात्र हा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. भिलाई-दुर्गच्या बाजूने वाहणारी शिवनाथ नदी महानदीला मिळते आणि महानदीचे पाणी ओडिशाच्या किनाऱ्यावर कांदळवनांच्या प्रदेशात समुद्राला जाते. शिवाय पोलाद कारखान्याच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची सुट्टी दरवर्षी कोकणाकडे वळते. रोजच्या विरंगुळ्यासाठी 1972 साली स्थापन झालेली मैत्रीबाग आहेच. पण भरती-ओहोटी पाहायची तर दुर्गहून मुंबईपर्यंत सुमारे अकराशे किलोमीटर आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडीपर्यंत प्रवास करावा लागतो. हा प्रवासच आपल्या मोजमापाची गुरुकिल्ली आहे.

प्रवासखर्च पद्धती

एखाद्या सेवेसाठी ग्राहक जास्तीत जास्त किती रक्कम देण्यास तयार होता आणि प्रत्यक्षात त्याने किती दिली, यांतील फरकास अर्थशास्त्रात उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात. फ्रेंच अभियंता द्युपुई यांनी 1844 साली पूल व रस्ते यांच्या उपयुक्ततेचा विचार करताना या कल्पनेची मांडणी केली. पुढे 1947 मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रात एक साधी युक्ती सुचविली. उद्यानाचे प्रवेशशुल्क नाममात्र असले तरी तेथवर पोहोचण्याचा खर्च सर्वांना सारखा नसतो. जवळचा मनुष्य थोडक्यात येतो, दूरच्याला बरेच खर्चावे लागते. म्हणजे प्रवासखर्च हाच येथे किमतीचे काम करतो. 1950 च्या दशकाअखेरीस मेरियन क्लॉसन यांनी या युक्तीला पद्धतीचे रूप दिले.

निव्वळ स्पष्टीकरणासाठी काही आकडे गृहीत धरू. वेंगुर्ल्याच्या खाडीत फिरण्यासाठी सावंतवाडीकडील कुटुंबास एकूण 500 रुपये, कोल्हापूरच्या कुटुंबास 5,000 रुपये आणि भिलाईच्या कुटुंबास 25,000 रुपये पडतात. दर हजार कुटुंबांमागे वर्षाकाठी अनुक्रमे 60, 15 व 1 कुटुंब येते. खर्च वाढला की येणारे घटतात, आणि हाच मागणीचा वक्र होय. आता सावंतवाडीच्या त्या 60 कुटुंबांची आवडनिवड कोल्हापूरकरांसारखीच मानली, तर त्यांतील 15 कुटुंबे 5,000 रुपये पडले असते तरीही आली असती. त्यांना पडले 500. उरलेले किमान 4,500 रुपये प्रत्येकी त्यांच्या पदरात राहिले. अशा सर्व शिलकांची बेरीज म्हणजे त्या खाडीचे एका वर्षाचे विहारमूल्य. ही रक्कम कोणाच्या गल्ल्यात दिसत नाही. पण खाडी बुजविली तर ती निश्चितपणे बुडते.

पद्धतीच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. भिलाईचे कुटुंब केवळ खाडीसाठी अकराशे किलोमीटर ओलांडत नाही. त्याला कुलदेवतेचे दर्शन घ्यायचे असते, मावशीकडे उतरायचे असते, मालवणचा किल्ला पाहायचा असतो. अशा बहुहेतुक प्रवासातील किती वाटा खाडीच्या नावे टाकावा, यावर अर्थशास्त्रज्ञांचे एकमत नाही. रजेच्या दिवसांची किंमत कशी धरावी, हा दुसरा वादाचा विषय. मात्र प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत मोठी उणीव निराळीच आहे. ज्याच्याजवळ प्रवासाला पैसे आहेत त्याचीच आवड या पद्धतीत मोजली जाते. ओहोटीला चिखलात उतरून कालवे व शिंपल्या वेचणाऱ्या स्त्रीचा प्रवासखर्च शून्य असतो आणि ती तेथे विहारासाठी येतच नाही. तेव्हा या वक्रावर तिला स्थानच नाही. खाडीचे मूल्य पर्यटकाच्या खिशावरून ठरवायचे आणि खाडीवर जगणाऱ्यास वगळायचे, असा हिशेब अपुराच नव्हे तर घातकही ठरू शकतो.

वेंगुर्ल्याचा अनुभव

या पार्श्वभूमीवर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याचे उदाहरण लक्षणीय आहे. 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या या जिल्ह्यात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने किनारी व सागरी जैवविविधतेचा प्रकल्प राबविण्यात आला. त्यातून 2017 मध्ये वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली. मच्छीमार कुटुंबांतील या स्त्रिया स्वतः होडी वल्हवितात आणि पाहुण्यांना कांदळवनाची ओळख करून देतात. तिवराची जमिनीतून खिळ्यांसारखी वर आलेली श्वसनमुळे, कांदळाची कमानीसारखी आधारमुळे आणि झाडावर असतानाच अंकुरून शेंगेप्रमाणे लोंबणारी त्याची बीजे मुलांना हाताच्या अंतरावर पाहता येतात. वर्गात जे आकृतीवरून समजत नाही ते येथे पाच मिनिटांत समजते.

वल्ह्याची निवड केवळ हौसेखातर नाही. यांत्रिक बोटीच्या लाटांनी मऊ काठ खचतो, तेलाचा तवंग चिखलावर बसतो आणि बगळे, खंड्या आवाजाने उठून जातात. आर्थिक कारणही आहे. इंजिन घ्यायचे तर भांडवल लागते. भांडवल बाहेरून आले की नफाही बाहेर जातो. वल्हे असेल तर भाड्याचा मोठा भाग मजुरीच्या रूपाने वल्हविणाऱ्या हातातच राहतो. पर्यटकांची संख्या आपोआप मर्यादित राहते, हा आणखी एक फायदा. अर्थात पावसाळ्यात असा व्यवसाय बंद ठेवावा लागतो, आणि 2020 मध्ये टाळेबंदीने पर्यटन थांबले तेव्हा केवळ पाहुण्यांवर विसंबून राहण्याचा धोका किनाऱ्यावर सर्वत्र दिसून आला. सफरीला मासेविक्रीची जोड कायम ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. राज्य शासनाने 2017 मध्ये सुरू केलेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन, कालवपालन यांसारख्या जोडधंद्यांना स्थान आहे, त्यामागील विचारही हाच आहे.

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर सुमारे 1.78 चौरस किलोमीटरचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे जाऊन तेथे पायवाटेने चालता येते आणि होडीनेही फिरता येते. मुंबईलगत ठाणे खाडीचा 16.905 चौरस किलोमीटरचा भाग 2015 मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून रोहित पक्षी पाहण्यासाठी निघणाऱ्या बोटींचे वेळापत्रक भरतीप्रमाणे ठरते.

विहाराव्यतिरिक्त कांदळवनाचे संरक्षक मूल्य किती, याचे उत्तर ओडिशातून मिळते. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळानंतर सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट यांनी केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास करून 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाव व समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा असलेल्या ठिकाणी मृत्यू कमी झाले होते. वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने त्याहून अधिक प्राण वाचले, हेही त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे.

कायद्याचे कवच महाराष्ट्रात बऱ्यापैकी भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली व त्यांच्याभोवती 50 मीटरच्या आत बांधकामास मनाई केली. 2018 च्या निकालाने ही भूमिका कायम केली. 2012 मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. तरीही 2023 च्या वनस्थिती अहवालानुसार राज्यातील कांदळवन सुमारे 315 चौरस किलोमीटर इतकेच आहे. देशात ते 4,992 चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा पट्ट्यावर रस्ते, पूल व बंदरे यांचा दावा सतत असतो. प्रत्येक प्रकल्पाच्या लाभखर्चाच्या तक्त्यात खाडीच्या नावापुढे आकडा नसेल, तर तो शून्य समजला जातो.

सहलीचे नियोजन

दूरच्या कुटुंबाने सहल आखताना घड्याळाआधी पंचांग पाहावे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजावी. अष्टमीच्या सुमाराची भरती भांगाची असते. पाणी कमी चढते आणि होडी आतल्या फाट्यांत शिरत नाही. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण भरपूर पाणी देते, पण ऐन दुपारच्या उन्हात. लहान मुले बरोबर असल्यास दशमी-एकादशी सोयीची पडते, कारण सकाळी साडेसात ते सव्वाआठपर्यंत पाणी पुरेसे चढलेले असते आणि ऊनही कोवळे असते. बांधावरून चालण्यासाठी मात्र पौर्णिमेची संध्याकाळ उत्तम. पाचच्या पुढे ओहोटीने चिखल उघडा पडतो आणि निवट्या व खेकडे बाहेर येतात. बांध सोडून चिखलात उतरू नये, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. होडीत प्रत्येकाने, पोहता येणाऱ्यानेही, जीवरक्षक जाकीट घालावे. आणि भाडे ठरविताना घासाघीस करण्यापूर्वी, आपण भिलाईहून तेथवर येण्यासाठी किती खर्च केला, हे एकदा आठवावे.