पानांनी परत केलेला उजेड

आमच्या सोयाबीनच्या वावरात मी लोखंडी पाइप रोवला, तेव्हा दादा म्हणाले, "बुजगावणं रोवलंस, तर त्याला सदरा तरी घाल!"

मी शहरात राहणारा, भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर. पाइपाच्या टोकाला चार प्रकाशसंवेदक बसवले होते. दोन आभाळाकडे तोंड करून, दोन पिकाकडे. हिरवं पान तांबडा उजेड खाऊन टाकतं, हरितद्रव्याला तो हवाच असतो. पण त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड ते बराचसा परत फेकतं. या दोन परताव्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागलं, की झाला हिरवेपणाचा आकडा. उघड्या मातीवर तो ०.२ च्या आसपास, दाट पिकावर ०.८ च्या घरात. वरचे संवेदक अशासाठी, की ढग आला तर मुळात येणारा उजेडच बदलतो. त्या मानाने परतावा मोजायला हवा.

उपग्रहही हाच आकडा देतात. सेंटिनेल-२ ची जोडी दर पाच दिवसांनी डोक्यावरून जाते. पण ऐन वाढीच्या दिवसांत, आषाढ-श्रावणात, वर ढगांचं छप्पर! तिला दिसणार काय, कपाळ?

पहिल्या वर्षीचा आलेख मी कौतुकाने दादांना दाखवला. मृगाच्या पावसावर पेरणी, मग चढ, श्रावणात माथा, पानं पिवळी पडताच भाद्रपदात उतार. "हे मला ठाऊक होतं," दादा म्हणाले. होतंच. त्या वर्षी एकदा आकडा उगीचच घसरला, तर अवरक्त संवेदकावर कोळ्याने जाळं विणलेलं निघालं. दादा पोट धरून हसले.

दुसऱ्या श्रावणात आकडा पुन्हा घसरू लागला. मोबाइलवर रोज दुपारी दिसत होता, रोज थोडा खाली. मी म्हटलं, आला असेल कोळी. पावसात कोण जातंय एसटीने! दादा तापाने अंथरुणावर होते, त्यांना सांगितलंही नाही. आठव्या दिवशी ते काठी टेकत वावरात गेले. पाइपाखालच्या पट्ट्यात पिवळा मोझॅक पसरला होता, पानापानाखाली पांढरी माशी. संवेदक मात्र लख्ख होते.

पहिली रोगट झाडं वेळेत उपटली असती तर पुढची पुष्कळशी वाचली असती. दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

हल्ली दुपारी त्यांचाच फोन येतो. "काय म्हणतंय रे आज तुझं बुजगावणं?" मी आकडा सांगतो. तो चांगला असला तरी ते चपला घालतात आणि वावरात जाऊन बघून येतात.