पालीचा जबडा, आपला कान

घटस्थापनेआधीची साफसफाई चालू होती. शिरोळच्या घरातलं जुनं कपाट सरकवलं, तर मागे वाळून कडक झालेली पाल! डोकं मात्र शाबूत होतं. ते पांढऱ्या कागदावर ठेवून मी भिंग धरलं.

अंगठ्याच्या नखाएवढी कवटी. जबड्याच्या आतल्या कडेला दातांची बारीक करवत आणि डोळ्यांच्या भल्यामोठ्या खोबणी. उसाच्या बांधावर मान हलवणाऱ्या सरड्याच्या कवटीत या खोबणीमागे हाडाची कमान असते. पालीत ती उरलेलीच नाही. म्हणून तिची कवटी हलकी आणि लवचिक. पाल तोंड उघडते तेव्हा तिचा वरचा जबडाही किंचित उचलला जातो, मिटताना खाली झुकतो.

कवटीच्या मागच्या बाजूला खुंटीसारखं एक हाड दिसतं, ते क्वाड्रेट. त्याचं वरचं टोक कवटीला टेकलेलं, खालच्या टोकाला खालचा जबडा टांगलेला. पाली-सरड्यांत ही खुंटी मागेपुढे झुलते. उसात उंदीर गिळणाऱ्या धामणीत ती आणखी लांब आणि मोकळी असते, तर मगरीत कवटीला घट्ट जखडलेली.

मग आपल्यात हे हाड गेलं कुठे? कानात! 1837 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल रायखर्ट यांनी डुकराच्या गर्भांचा अभ्यास करून दाखवलं, की सस्तन प्राण्यांच्या कानातली हातोडी आणि ऐरण जबड्याच्याच मूळ भागातून घडतात. पालीच्या जबड्याची खुंटी म्हणजेच आपली ऐरण. तिसरं हाड, रिकीब. पालीच्या कानात तेवढं एकच असतं.

माणूस पालीपासून झाला, असा याचा अर्थ नाही. दोघांचे पूर्वज तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एक होते. पुढे आपल्या शाखेत जबड्याचा नवा सांधा तयार झाला, जुन्या सांध्याची हाडं लहान होत कानात सरकली. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉन या चिमुकल्या प्राण्याच्या जीवाश्मात जुना आणि नवा, दोन्ही सांधे शेजारीशेजारी सापडतात.

रात्री भिंतीवर पाल चुकचुकली, की आजी जमिनीवर बोट टेकवून 'कृष्ण, कृष्ण' म्हणते. ती चुकचुक आजीपर्यंत पोहोचवते ती ऐरण. त्याच हाडावर भिंतीवरच्या पालीचा जबडा झुलतो आहे. केरसुणी उचलण्याआधी एवढं नातं आठवावं.